प्रतिसाद: वळताना कटकट, एक्सल बदलायचा का?
स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेतली की कटकट येते म्हणजे एक्सलचा (गिअरबॉक्सकडून पुढचं चाक फिरवणारा दांडा) बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट गेला, हे वरच्या उत्तरात लिहिलंय ते बरोबरच, पण म्हणून लगेच दोन्हीकडचे एक्सल बदला असा त्यातला सल्ला काय पटत नाही बुवा. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरत असेल तर आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्या, आणि स्पीडबरोबर वाढणारी घूंऽऽ असेल तर बहुतेक व्हील बेअरिंग. आधी रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं घड्यांचं आवरण, बघा, घड्या बोटाने फाकवून. चिरलेला असला की रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतंच. बूट नुकताच फाटलाय आणि आवाज नाही तर जॉइंट धुवून नवं मोलीचं (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस आणि बूट, भागतं. पण पावसाळाभर तांबडा चिखल आत गेला असेल तर जॉइंटमधल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा खरवडल्या जातात, मग ग्रीस भरून काही होत नाही.

आणि इकडे किनाऱ्यावरच्या गाड्यांचं वेगळंच दुखणं, खाऱ्या हवेने हबमधल्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे उभे दाते, गंजून एक्सलचा शाफ्ट सुटतच नाही. फिटर सरळ हातोडा घालतो, शाफ्टच्या टोकाचे आटे चेपतात की संपलं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, जुना नट टोकापर्यंत फिरवून त्यावर लाकडाचा ठोकळा धरून ठोका, नाहीतर पुलर (शाफ्ट दाबून बाहेर काढायचं अवजार) लावा. बसवताना नट नवाच, आणि टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळायचा पाना). गिअरबॉक्सचं ऑइल सीलही तेव्हाच बदलून घ्या, शाफ्ट ओढला की ऑइल सांडतंच, ऑइलची लेव्हल करायला विसरू नका.