६.५ इंची टू-वे स्पीकर: डग्गा घुमतो, ‘स’ टोचतो. चूक पेटीत की क्रॉसओव्हरमध्ये?

आठ_ओहम:
घरी बांधलेला स्पीकर. वूफर (खालच्या सुरांचा ड्रायव्हर) ६.५ इंची: एफएस (मोकळ्या हवेतला त्याचा स्वतःचा सूर) ३८ हर्ट्झ, क्यूटीएस (त्या सुराला किती घुमतो त्याचा आकडा) ०.३८, व्हीएएस (कोनच्या लवचीकपणाइतकी हवा) २८ लिटर, आरई (कॉइलचा डीसी रेझिस्टन्स) ६ ओहम, एलई (कॉइलचा इंडक्टन्स) ०.६ मिलीहेन्री, संवेदनशीलता ८७ डीबी. ट्विटर (वरच्या सुरांचा) १ इंची सिल्क डोम, ९१ डीबी. दोन्ही ८ ओहमचे. पेटी १८ मिमी एमडीएफची, २२ × ३६ × २६ सेंमी, म्हणजे २० लिटर. मागे ५ सेंमी आतल्या व्यासाचा, ८ सेंमी लांबीचा पीव्हीसी पाइप, म्हणजे पोर्ट. क्रॉसओव्हर (दोघांत सूर वाटून देणारा फिल्टर) २५०० हर्ट्झला, सूत्रातून काढलेला सेकंड ऑर्डर लिंकविट्झ-रायली प्रकारचा: दोन्ही बाजूंना १ मिलीहेन्री आणि ३.९ मायक्रोफॅरड.
तबला लावला की डग्ग्याची मींड गायब, प्रत्येक थापेला तोच एक ‘धूं’. गाणाऱ्याचा ‘स’ शिट्टीसारखा कानात घुसतो. आधी कुठे हात घालू?

पोर्टवाला:
पेटी २० लिटरची नाहीच. तुम्ही बाहेरची मापं गुणलीत. फळ्यांची जाडी वजा केली की आत उरतं १८.४ × ३२.४ × २२.४, म्हणजे १३.४ लिटर. मॅग्नेट, पाइप, क्रॉसओव्हरची पाटी आणि आतली आडवी पट्टी यांचं सव्वा लिटर काढा, हाती राहतात १२. एवढ्या हवेवर तुमचा पाइप ६४-६५ हर्ट्झला ट्यून होतो. या वूफरला हवेत २० लिटर आणि ४० हर्ट्झ. तो ‘धूं’ म्हणजे पेटीचाच सूर.
खात्री करायची तर मोबाइलवर टोन जनरेटर घ्या, आवाज बारीक ठेवा आणि ९० पासून एकेक हर्ट्झ खाली या. ज्या आकड्याला कोन जवळजवळ थांबतो आणि पाइपातून वारा सुटतो, ते ट्यूनिंग. त्याच्या खूप खाली जाऊन आवाज वाढवू नका. तिथे कोनला हवेचा आधार राहत नाही, व्हॉइस कॉइल मागच्या प्लेटवर आपटते.
याच पेटीत ४० ला आणायचं तर पाइप साडेसव्वीस सेंमी लागेल आणि आत खोली आहे २२.४. एल्बो लावून बसेल, पण कशाला? पाइपात घट्ट टॉवेल कोंबा. बंद पेटीत क्यूटीसी (पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.६९ येतो, म्हणजे नकळत तुम्ही जवळपास आदर्श सील्ड बॉक्सच बांधलाय! बास ७० हर्ट्झच्या खाली कमी होत जातो, पण हळू. पटलं तर भोक कायमचं बंद करा आणि उशीतला पॉलिएस्टर कापूस सैलसर भरा.
खालचा बास हवाच असेल तर नवी पेटी: समोरची मापं तीच, आतली खोली ३६ सेंमी, पाइप १४.७ सेंमी. पाइपाच्या आतल्या तोंडापासून समोरची फळी किमान ५ सेंमी लांब हवी.

आठ_ओहम:
टोन लावला, कोन ६५ ला थांबला. टॉवेल कोंबल्यावर मींड ऐकू आली. ‘स’ मात्र तसाच.

कॉइल_गुंडाळ्या:
तो क्रॉसओव्हरचाच. सूत्र धरून चालतं की ड्रायव्हर म्हणजे ८ ओहमचा रेझिस्टर. तुमच्या वूफरचा इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा अडथळा) २५०० हर्ट्झला ११ ओहमपर्यंत चढलेला असतो, त्यामुळे फिल्टर वूफरचे वरचे सूर हवे तसे कापत नाही. वूफरच्या टर्मिनलवर झोबेल (हा चढ सपाट करणारी जोडी) टाका: ७.५ ओहम १० वॅट आणि १० मायक्रोफॅरड एकामागोमाग, ही जोडी वूफरला समांतर. इथे साधा बायपोलर इलेक्ट्रोलायटिक चालतो. ट्विटरच्या वाटेत मात्र पॉलिप्रॉपिलीनच.
दुसरं, ट्विटर मुळातच ४ डीबी मोठा. शिवाय २२ सेंमी रुंद बॅफलवर (समोरच्या फळीवर) साधारण ५२० हर्ट्झच्या खाली वूफरचा आवाज पेटीच्या मागेही पसरतो आणि समोरचा कमी होत जातो. मोकळ्या जागेत ६ डीबीपर्यंत, भिंतीजवळ ३-४. दोन्ही मिळून ‘स’ टोचणारच. फिल्टर आणि ट्विटरच्या मध्ये एल-पॅड (आवाज उतरवणारी दोन रेझिस्टरची जोडी) लावा: ३.९ ओहम सिरीजमध्ये, ८.२ ओहम ट्विटरला समांतर. ६ डीबी उतरतात आणि फिल्टरला ८ ओहमच दिसतात. तरी टोचलं तर वूफरची कॉइल १ च्या जागी २ मिलीहेन्रीची करून सिम्युलेट करा. कॉइल एअर-कोअर आणि जाड तारेची घ्या. तिचा रेझिस्टन्स अर्धा ओहम झाला तरी क्यूटीसी ०.७४ च्या आसपास जातो. दोन्ही कॉइल एकमेकींना काटकोनात ठेवा, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं.
पोलॅरिटी (ट्विटरचे अधिक-उणे सुलट की उलट) कागदावर ठरवू नका. लिंकविट्झ-रायली सेकंड ऑर्डरला ट्विटर उलटा जोडतात, पण वूफरचा कोन मागे असल्याने गणित सरकतं. माइक १ मीटरवर, ट्विटरच्या उंचीला ठेवा, दोन्ही जोडण्या मोजा. जिच्यात २५०० जवळ खड्डा नाही ती खरी. आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेट (मोजणीत धरायचा वेळ) ४ मिलिसेकंद ठेवलात तर २५० हर्ट्झच्या खालचं वाचू नका, ते खोटं असतं.

रंधा_पटाशी:
पोर्ट बंद करताय तर गळतीही बघा. कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परतला पाहिजे. टपकन आला तर हवा कुठूनतरी सुटतेय, बहुधा टर्मिनलच्या प्लेटमागून. तिथे फोमची गॅस्केट लावा.
वूफरच्या भोकाची कड आतून ४५ अंशात तासलीय का? १८ मिमी जाड फळीच्या भोकात मागची हवा कोंडते. तासताना स्क्रूच्या जागी लाकूड राखा. आणि एमडीएफच्या कडा पातळ केलेल्या फेव्हिकॉलने दोनदा भरून घासा, मगच रंग. तेवढं टाळलं तर कोकणातल्या एका पावसाळ्यात सांधे फुगून वर येतात.