मुलांच्या रोड सायकलीचे गिअर आणि ब्रेक : आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा (नावांऐवजी फ्लॅट नंबर दिले आहेत)

ए-२०४
नमस्कार. आमच्या कन्येला अकरावे वर्ष चालू आहे, उंची १४० सेंटीमीटर. वाकड्या हँडलची रोड सायकल हवी म्हणून तिने घर डोक्यावर घेतले आहे, कारण रविवारी बाबांबरोबर पन्हाळ्याला जायचे ठरले आहे. दुकानात २४ इंची चाकांची, १४ गिअरची सायकल पाहिली. दुकानदार म्हणाले, गिअर जितके जास्त तितका चढ सोपा. ज्यांना यातले कळते त्यांनी कृपया मत द्यावे. शनिवारपर्यंत पैसे भरायचे आहेत.

सी-१०१
वहिनी, शिरोलीच्या कारखान्यात गिअर कापण्यातच माझी नोकरी संपली, तेव्हा थोडे लांबलचक लिहिले तर चालवून घ्या. गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे आधी विचारावे. पुढच्या चेनव्हीलला, म्हणजे पायडलाजवळच्या दातेरी चाकाला, किती दात आणि मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीला किती, एवढे मोजून कळवाल का?

ए-२०४
काका, आत्ताच जाऊन मोजून आले. पुढे ५० आणि ३९, मागे १४ पासून २८ पर्यंत.

सी-१०१
म्हणजे हलक्यात हलका गिअर ३९ भागिले २८. चोवीस इंची चाकाचा परीघ टायरच्या जाडीनुसार थोडा कमीजास्त होतो, पण सुमारे १.८५ मीटर धरू. पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.६ मीटर पुढे जाईल. हेच पुढे ३४ दातांचे एकच चेनव्हील आणि मागे ११ ते ३२ दातांच्या आठ चकत्या घेतल्या, तर अंतर दोन मीटरच्या आत येते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पायावरचा भार जवळजवळ एक चतुर्थांश कमी. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळापासून वरचा चढ ज्यांनी चढला आहे त्यांना हा फरक कागदावर पटवून द्यावा लागणार नाही. चौदा गिअरांतले बरेचसे एकमेकांवर पडतात, हेही लक्षात घ्या: पुढे ५० व मागे २०, आणि पुढे ३९ व मागे १६, यांत मुलीच्या पायाला फरक जाणवणारच नाही. शिवाय पुढची चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलायला लहान बोटांना जोर पडतो, आणि ऐन चढावर ती उतरली की सायकल उताराकडे मागे येऊ लागते.

बी-३०३
काका, पण मग सपाटीवर मूल मागे पडणार नाही का? माझा मुलगा स्पर्धेची तयारी करतो आणि त्याला मोठा गिअर हवा असे त्याचे मित्र सांगतात.

सी-१०१
हिशेब करून पाहा. ३४ वर ११, म्हणजे एका फेऱ्याला ५.७ मीटर, मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २७ किलोमीटर. अकरा वर्षांच्या मुलाला रंकाळ्याच्या रस्त्यावर याहून वेग लागत असेल, तर माझी काळजी गिअरची नाही, मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीची आहे. युसीआय या जागतिक संघटनेने १७-१८ वर्षांच्या ज्युनिअर स्पर्धकांनासुद्धा बरीच वर्षे एका फेऱ्याला ७.९३ मीटरची कमाल मर्यादा घातली होती. ती २०२३ पासून उठली. तुमचा मुलगा किती वर्षांचा?

बी-३०३
बारा पूर्ण. पटले.

बी-५०२
गिअरबद्दल सगळे बोलतात, माझे म्हणणे ब्रेकबद्दल आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही मुलाच्या जुन्या सरळ हँडलच्या सायकलीला वाकडे हँडल बसवून घेतले. चाकाला व्ही-ब्रेक (दोन उभ्या लांब हातांनी रिम दाबणारे) तेच ठेवले आणि लिव्हर रोड सायकलीचे लावले. मिस्त्री म्हणाले, ब्रेक म्हणजे ब्रेक, सगळे सारखेच. पहिल्याच दिवशी लिव्हर हँडलला टेकला तरी चाक थांबेना. पार्किंगच्या भिंतीने थांबवले. गुडघा सोलला, एवढ्यावर निभावले.

सी-१०१
ताई, चूक लिव्हरची नव्हती आणि ब्रेकचीही नव्हती, जोडी चुकली होती. पूर्ण लांबीच्या व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढावी लागते; रोडचा लिव्हर कमी ओढतो. रबर रिमला अगदी चिकटवून ठेवले तरच तो काम करतो, आणि मग चाक थोडे वाकडे झाले की घासते. वाकडे हँडल ठेवायचेच असेल, तर आखूड हातांचा मिनी व्ही-ब्रेक किंवा रोडचा कॅलिपर (रिमला वरून चिमट्यासारखा धरणारा ब्रेक) बसवावा. कॅलिपर घेताना टायर आणि मडगार्ड त्यात मावतात की नाही, हेही पाहावे.

वहिनी, दुकानात मुलीला सायकलीवर बसवा. हात वरच्या रबरी मुठीवर आणि मग खालच्या वाकड्या भागात, दोन्ही ठिकाणी ठेवायला सांगा. तर्जनीचे पहिले पेर लिव्हरवर वळून बसले पाहिजे. फक्त बोटाचे टोक टेकत असेल, तर लिव्हर जवळ आणायचा स्क्रू आहे का विचारा. पुष्कळ लिव्हरना तो असतो, पण कुणी फिरवत नाही. तो फिरवल्यावर वायर पुन्हा जुळवावी लागते. आणखी एक, कोणता लिव्हर पुढच्या ब्रेकचा हे मुलीला पाठ हवे. आपल्याकडे बहुधा उजवा, पण काही सायकलींत डावा असतो.

ए-२०४
काका, डिस्क ब्रेक घेऊ का? आपल्याकडचा जुलै महिना तुम्ही जाणताच.

सी-१०१
वायरचा डिस्क चांगला, पण वजन आणि किंमत वाढते, आणि स्वस्तातला डिस्क नीट जुळवला नाही तर रिम ब्रेकपेक्षाही निकामी. माझे मत, ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले रबर असेल तर रिम ब्रेक पुरतो. चकचकीत पोलादी रिम मात्र पावसात अजिबात घेऊ नये, तिच्यावर ओले रबर नुसते घसरते. रिम कोणतीही असली तरी पाण्यात चाकाचे पहिले काही फेरे ब्रेक नीट पकडत नाही, तोवर पाणी पुसले जाते. म्हणून उतारावर वळणाच्या बऱ्याच आधी हलकेच दाबायला शिकवावे आणि एकसारखे दाबून न ठेवता सोडत दाबत उतरावे. पन्हाळ्याहून उतरताना बाबांनी पुढे राहावे. झुणका-भाकर खाऊन सुस्ती आली की बाबाच जास्त जोरात उतरतात, हा अनुभव आहे.

ए-२०४
काका, आज दुकानात सायकलीवर बसवून पाहिले. मूठ धरल्यावर तिच्या बोटाचे टोकच लिव्हरला लागत होते. स्क्रू दोन-अडीच फेरे फिरवल्यावर पेर बरोबर बसले आणि वायर त्यांनी जुळवून दिली. ५०-३९ चे चेनव्हील काढून ३४ चे एकच आणि मागे ३२ पर्यंतच्या चकत्या घालायला ते तयार झाले आहेत. त्यासाठी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) लांब हाताचा लागेल, म्हणून बुधवारपर्यंत थांबायला सांगितले आहे. पैसे अजून भरलेले नाहीत.

सी-१०१
उत्तम. बुधवारी सायकल आली की घरी नेण्याआधी मला खाली बोलवा, रिम पोलादी तर नाही ना, ते लोहचुंबक लावून पाहू.