मदत हवी आहे: बिल्ले आजोबांच्या नावावर, दूध वडिलांच्या नावावर, अनुदान अडकलंय

मंडळी, मी पुण्यात नोकरी करते. आईवडील संगमनेर तालुक्यात असतात. पाच गाई, दोन्ही वेळचं मिळून साधारण ४० लिटर दूध खासगी डेअरीच्या संकलन केंद्रावर जातं.

गाईच्या दुधाचं सरकारी अनुदान पहिल्यांदा सुरू झालं (११ जानेवारी ते १० मार्च २०२४, लिटरला ५ रुपये) तेव्हा आबा, म्हणजे माझे आजोबा, होते. डेअरीतला कोड त्यांचा, गाईंच्या कानातले बिल्ले त्यांच्या आधारवर, बँक खातंही त्यांचंच. पैसे व्यवस्थित आले. जूनमध्ये आबा गेले. डेअरीवाल्यांनी कोड लगेच अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर करून दिला. बिल्ल्यांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

नंतर १ जुलैपासून पुन्हा ५ रुपये आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये मिळायला लागले. गावात बाकीच्यांना आले, आम्हाला एक रुपया नाही. चौकशी केली तर कळलं, जनावरांची सरकारी नोंद असते त्या भारत पशुधन ॲपवर गाई आबांच्या नावावर दिसतात आणि दूध अण्णांच्या, म्हणून यादीतून नाव परत आलं. नोव्हेंबरअखेरपर्यंतचा हिशोब मी मांडला: ३५,४८० रुपये. ऑक्टोबरात डेअरीचा भाव २८ होता. त्यावरचे ७ म्हणजे आमच्यासाठी पेंडीचा खर्च. अण्णांनी त्या महिन्यांत पेंड उधारीवर आणली, ती उधारी अजून फिटलेली नाही.

डेअरी म्हणते जनावरांच्या दवाखान्यात जा. दवाखान्यात म्हणतात, माहिती डेअरीने भरली, त्यांनीच दुरुस्त करावी. शिवाय ओटीपी आबांच्या नंबरवर जाणार, आणि ते सिम आम्ही बंद केलं. त्यात एका गाईचा बिल्ला तारेत अडकून तुटलाय. जुना बारा अंकी नंबर मात्र वहीत लिहिलेला आहे.

वारसाच्या नावावर बिल्ले करून घेतलेत का कुणी? कागद काय लागले? आणि मागचे पैसे मिळतात का? अण्णा म्हणतात, "जाऊ दे, गेले ते गेले." पाच महिने रोज पहाटे चारला उठून घातलेलं दूध आहे ते. मला सोडायचं नाही.

प्रतिसाद:
ताई, आमच्या चुलत्यांचं असंच झालं होतं. तोंडी विचारत बसू नका. मृत्यूचा दाखला, अण्णांचं आधार आणि सगळ्या बिल्ल्यांचे नंबर जोडून दवाखान्यात मालक बदलण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तुटलेल्या बिल्ल्याच्या जागी नवा मारतात, तेव्हा जुना नंबर सांगा, नाहीतर तीच गाय दोनदा चढते. मागच्या पैशांसाठी जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करा, सोबत त्या महिन्यांची दूधबिलं लावा. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण अर्जच नसेल तर विचारायला आधार राहत नाही. अण्णांच्या आधारला कुठली बँक जोडलीय तेही आधी बघून घ्या. चुलत्यांचे पैसे एका विसरलेल्या खात्यात सापडले.

धागाकर्ती:
बँकेचं लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार. बिलं सगळी आहेत, आई दर दहा दिवसांचं बिल पत्र्याच्या डब्यात जपून ठेवते. सोमवारी रजा टाकून अण्णांना घेऊन जाते.