कृष्णाकाठची झाडी: पुरासाठी साफ करायची की राखायची?

कृष्णाकाठ:
२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. तेव्हापासून उन्हाळा आला की मागणी सुरू होते: नदीकाठची झाडंझुडपं जेसीबी लावून काढा, म्हणजे पाणी लवकर पुढं सरकेल. या सरसकट सफाईला माझा विरोध आहे.

आपला काठ काळ्या मातीचा. पूर ओसरताना नदी झपाट्यानं उतरते, पण काठाच्या पोटात मुरलेलं पाणी तेवढ्या वेगानं निघत नाही. ते ओझं पेललं नाही की काठ ढासळतो. करंज, उंबर, वाळुंज यांची मुळं तिथं माती धरून ठेवतात. ती काढली की माती पात्रात येते, आणि मग गाळ काढा म्हणून आपणच निवेदनं देतो.

शिवाय सगळी झाडी पाण्याला सारखी अडवत नाही. शेरणीची झुडपं, लव्हाळा लोंढ्यात आडवे होतात. वेडी बाभूळ ताठ उभी राहते. तिच्या नि बेशरमाच्या जाळीत ओंडके, प्लॅस्टिक, जलपर्णी अडकून बंधारा तयार होतो. ही जाळी पुलांच्या आसपास आणि पात्र अरुंद आहे तिथं जरूर काढा. बाकी काठावर देशी झाडं राहू द्यात, फक्त खालच्या फांद्या छाटा.

(कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर वेगळा धागा काढू, इथं नको.)

निवृत्त पाटबंधारे:
भावना समजते, पण गणित बघा. पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात साफ, सरळ पात्राचा खडबडीतपणा (म्हणजे पाण्याला होणारा अडथळा) साधारण ०.०३ धरतात. पूरमैदानात दाट झुडपं असली की तोच अंक ०.१ पर्यंत जातो. बाकी सगळं तेच राहिलं तर वेग तिथं एक तृतीयांशावर येतो. सांगलीपाशी कृष्णेला उतार मुळातच कमी. वेग मेला की पाणी चढणारच.

आणि निवडक छाटणी दरवर्षी करावी लागते. एक उन्हाळा चुकला की वेडी बाभूळ परत उभी. दरवर्षी निधी कोण देणार?

सूर्यवंशी प्लॉट:
२००५, २०१९, २०२१. तिन्ही वेळा घरात पाणी. आईला उचलून वरच्या मजल्यावर नेलं, त्या रात्री वाळुंजाची आठवण झाली नाही. अर्धा फूट पाणी कमी झालं तरी आमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. शिवाय झाडीत मगरी असतात. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी काय करायचं?

कृष्णाकाठ:
ताई/दादा, तुमचा अर्धा फूट मलाही हवाय. म्हणूनच तो कुठून मिळेल हे नीट बघायला हवं. तो ०.१ चा अंक सगळं पूरमैदान झुडपानं भरलं असेल तर. २०१९ ला पाणी काठ सोडून शेतांत पसरलं होतं. तिथं काय उभं होतं? माणसाच्या डोक्यावर गेलेला ऊस, पार नदीच्या कडेपर्यंत. त्याचा खडबडीतपणाही हिशोबात धरा.

निधीचं म्हणाल तर एकदा साफ करून भागत नाही. उघड्या काठावर सगळ्यात आधी वेडी बाभूळच फुटते. सावली धरणारी देशी झाडं असली तर ती दबून राहते.

मगर अंडी घालते उन्हाळ्यात, काठाच्या मऊ मातीत खड्डा करून. जेसीबी फिरतो तोही त्याच दिवसांत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे, तेव्हा काम काढण्याआधी वनखात्याला काठ दाखवायलाच हवा. धुण्याच्या घाटाभोवती मात्र मोकळी जागा हवी, ते मान्य.

भिलवडीकडचा शेतकरी:
उसावर घसरू नका. काठ ढासळतो हे खरंय, माझीच मळीची, म्हणजे काठची गाळाची जमीन नदीत गेलीय. पण वीटभट्ट्यांना मळीची माती गेली तेव्हा कुणी धागा काढला? काठाला पट्टा सोडायला मी तयार आहे. तिथं वैरणीचं गवत लावू, तेही पुरात आडवं होतं. पण उसाएवढे पैसे गवत देत नाही. फरक कोण भरणार ते आधी कागदावर लिहा.

नायमेखनहून:
मी नेदरलँड्समध्ये वाल नदीकाठी राहते. १९९५ च्या पुराच्या भीतीनं इथं सुमारे अडीच लाख लोक हलवले होते. नंतर लेंटजवळ बांध ३५० मीटर मागं घेतला आणि नदीला बाजूनं वाट खोदून दिली. पूरमैदानात कुठं गवत, कुठं झुडपं, कुठं झाडं चालतील याचा सरकारी नकाशाच आहे. प्रवाहाच्या मुख्य वाटेत झाडी वाढू देत नाहीत. काही ठिकाणी गुरं-घोडे चारून ती आटोक्यात ठेवतात. पण हे करताना आधी नदीला जागा दिली, हे विसरू नका.

निवृत्त पाटबंधारे:
असा नकाशा मला मान्य. आयर्विन पुलापासून हरिपूरच्या वारणा संगमापर्यंत आधी करा, पात्राचे छेद, म्हणजे ठिकठिकाणी रुंदी-खोलीची मापं घेऊन. शेतकरीदादांचा फरकही त्याच अंदाजपत्रकात धरा. तोवर पुलाच्या दोन्ही अंगांची झाडी मात्र काढावीच. करंजसुद्धा.

कृष्णाकाठ:
पुलाच्या कमानींसमोरचे करंज गेले तरी चालतील. संगमाच्या बाजूच्या उतारावरचे नाहीत. तिथं काठ आधीच तुटतोय. तुमचे छेद येईपर्यंत तिथलं एकही मूळ हलवू नका.