घरी राइट केलेली डीव्हीडी शेवटाकडे अडकते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या काकांनी मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर टिपून ठेवल्या होत्या. आजी आता नाही. कॅसेटवरून ते चित्रण मी संगणकात घेतलं, एक तास पन्नास मिनिटांची डीव्हीडी केली आणि गावी आत्याकडे पाठवली. तिथे नेट धड चालत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावर आत्याला नीट दिसत नाही. टीव्हीला जोडलेला जुना डीव्हीडी प्लेअर मात्र ती स्वतः रिमोटने चालवते. त्या प्लेअरला यूएसबी नाही, म्हणून कृपया पेनड्राइव्हचा पर्याय सुचवू नका.

अडचण अशी की साधारण दीड तासापर्यंत सगळं छान चालतं, मग पडद्यावर चौकोन चौकोन येतात, आवाज तुटतो आणि चित्र थिजतं. पुढे ढकललं की डिस्कच वाचता येत नाही असं दाखवतो. नेमक्या शेवटच्या ओव्या, ज्यांत आजीने माहेरची नावं गुंफली आहेत, त्या आत्याला ऐकायला मिळत नाहीत. तीच डिस्क माझ्या लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये शेवटपर्यंत चालते.

दुसरी गोष्ट, टीव्हीवर जातं फिरवणारा हात थरथरल्यासारखा दिसतो. आजी थांबून पदर सावरते तेव्हा चित्र स्वच्छ असतं, खुंटा फिरू लागला की पुन्हा थरथर.

तपशील: डीव्हीडी प्लस आर (एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कचा एक प्रकार), ८एक्स म्हणजे आठपट वेगाने राइट केलेली, जवळजवळ काठोकाठ भरलेली. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६. आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला. वर नाव छापलेला गोल स्टिकर आहे.

प्रतिसाद

ताई, आधी दोष फाइलचा आहे की डिस्कचा ते वेगळं काढा. शेवटची वीस मिनिटं तेवढीच दुसऱ्या डिस्कवर राइट करा आणि आत्यांना लावून बघायला सांगा. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे तोच भाग आता मध्याजवळ येईल. तिथे नीट चालला तर फाइल चांगली आहे, प्लेअरला बाहेरची कड वाचता येत नाही एवढंच. तिथेही त्याच ओवीला अडकला तर मात्र एन्कोडिंग, म्हणजे चित्रण डीव्हीडीच्या रूपात बदलण्याचं काम, तपासायला लागेल.

धागाकर्ती

तसं करून बघितलं. शेवटचा भाग वेगळ्या डिस्कवर अगदी सुरळीत चालला. आत्याने फोन कानाला लावूनच ऐकवला मला!

प्रतिसाद

म्हणजे कडेचाच प्रश्न आहे. पहिल्यांदा तो स्टिकर विसरा. कागद जरा जरी एका बाजूला सरकला किंवा दमटपणाने आखडला, तरी डिस्क फिरताना डुलते आणि ते डुलणं कडेला सगळ्यात जास्त जाणवतं. लॅपटॉपचा ड्राइव्ह चूक आली तर वेग कमी करून पुन्हा वाचतो. जुन्या प्लेअरला चित्र चालू ठेवायचं असतं, तेवढी सवड त्याला नसते. नाव लिहायचं तर सीडी-डीव्हीडीसाठी मिळणाऱ्या पेनने, तेही मधल्या पारदर्शक गोलावर.

मग डिस्क पूर्ण भरू नका. ४.७ जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ४.३७ जीबी दिसते, तुमची त्याच्या अगदी टोकाला गेली आहे. यात पीसीएम आवाज फुकट जागा खातो: दर सेकंदाला दीड मेगाबिट (एमबीपीएस). तो एसी-३ या दाबलेल्या प्रकारात १९२ केबीपीएसवर (सेकंदाला १९२ किलोबिट) घ्या, गाणाऱ्या एका आवाजाला तेवढं पुरतं. चित्राचा सरासरी बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) ४५०० केबीपीएस ठेवा. एकशे दहा मिनिटांना हिशोब ४.७ पैकी ३.९ जीबीच्या आसपास येतो आणि कडेची पट्टी मोकळी राहते. कमाल बिटरेटही ८००० केबीपीएसवर बांधा. डीव्हीडीत चित्राची मर्यादा ९.८ एमबीपीएस आहे, पण घरी केलेल्या डिस्कवर त्या मर्यादेला भिडलं की जुने प्लेअर धापा टाकतात.

डिस्क डीव्हीडी मायनस आर घ्या, चांगल्या कंपनीची, ४एक्सवर राइट करा आणि नंतर व्हेरिफाय करा, म्हणजे नीट लिहिली गेली का ते तपासा. आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) घेऊ नका. तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि थकलेल्या लेन्सला ती दिसतच नाही. प्लस आरच हातात असेल आणि तुमच्या रायटरला जमत असेल, तर इमजीबर्न या डिस्क राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बुकटाइप, म्हणजे डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद, डीव्हीडी-रॉम करा. काही जुने प्लेअर तेवढ्यानेही नीट वागतात.

प्रतिसाद

हात थरथरतो त्याचा डिस्कशी संबंध नाही. मिनीडीव्हीचं चित्र दोन फील्डचं, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं असतं, त्यात खालचं फील्ड आधी येतं. बनवताना सॉफ्टवेअरने वरचं आधी धरलं की टीव्हीवर हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे धडकत जाते, स्थिर चित्राला काही होत नाही. संगणकाच्या पडद्यावर ते सहज लपून जातं. एन्कोडरमध्ये ‘बॉटम फील्ड फर्स्ट’ निवडून पुन्हा बनवा. मूळ कॅप्चर, म्हणजे कॅसेटवरून संगणकात घेतलेलं चित्रण, ठेवलं आहे ना? त्यावरूनच करा, डीव्हीडीच्या फाइलवरून नको.

धागाकर्ती

मूळ कॅप्चर आहे. तुम्ही सांगितलंत तसं बनवलं: बॉटम फील्ड फर्स्ट, एसी-३, मायनस आर, ४एक्स, स्टिकर नाही. शेजाऱ्यांच्या जुन्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालली आणि खुंट्यावरचा हात आता सरळ फिरतो. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आत्याकडे पाठवायच्या आधी एक विचारायचं होतं: प्रत्येक ओवीला वेगळं चॅप्टर दिलं तर प्लेअर गडबडेल का? तिला आवडती ओवी रिमोटने पटकन लावता यावी, एवढंच हवं आहे.

प्रतिसाद

नाही गडबडत. एका टायटलमध्ये ९९ चॅप्टर चालतात. ओव्या त्याहून जास्त असतील तर दोन-दोन, तीन-तीनचे गट करा. मेनू ठेवूच नका. डिस्क घातली की थेट पहिली ओवी सुरू होऊ दे, म्हणजे त्यांना पुढची-मागची ही दोनच बटणं लागतील. आणि मिनीडीव्हीचं मूळ कॅप्चर तासाला साधारण १३ जीबी होतं, ते दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. राइट केलेल्या डीव्हीडीत माहिती धरून ठेवणारा रंगाचा थर असतो, तो उन्हाने आणि उष्णतेने उतरतो, म्हणून आत्यांना ती टीव्हीवर किंवा खिडकीत न ठेवता कव्हरमध्ये कपाटात ठेवायला सांगा.