पशुवैद्यकात 'रोग होऊच न देणारा' तज्ज्ञ वेगळा हवा का?

रानवैद्य:
पदवीची साडेपाच वर्षं, त्यावर सार्वजनिक आरोग्य आणि साथरोगशास्त्रात दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. एवढं करून गावात माझी ओळख काय, तर 'लशीचे डॉक्टर'. शल्यचिकित्सा केलेल्या वर्गमित्राला लोक लांबून शोधत येतात. मला कोण शोधणार? अमेरिकेत पशुवैद्यकीय प्रतिबंधक वैद्यकाचं स्वतंत्र मंडळ १९५० पासून आहे. परीक्षा घेतात, तज्ज्ञ म्हणून मान्यता देतात. आपल्याकडेही तसं मंडळ हवं आणि जिल्ह्यात किमान एक पद फक्त या लोकांसाठी हवं, असं माझं मत आहे. विरोध असेल तर बिनधास्त लिहा.

कासरा:
लिहितो. २२ वर्षं फील्डवर आहे. २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत फिरत होतो. त्या दिवसांत मला तज्ज्ञ नको होता, जनावर धरायला आणखी चार हात हवे होते. आधी रिकाम्या जागा भरा, बिरुदं नंतर वाटा. नाहीतर होणार काय, की तुमचा तज्ज्ञ जिल्ह्याला बसून तक्ते मागवणार आणि ते भरायचे आम्हीच.

रानवैद्य:
सर, हात हवेत हे शंभर टक्के मान्य. पण हातांनी काय टोचलं ते कोण बघणार? लाळ्या-खुरकुत रोगाच्या लसीकरण मोहिमेतला माझाच अनुभव सांगतो. लशीच्या डब्यात बाटल्या थेट बर्फावर ठेवलेल्या. २ ते ८ अंशांत राहायची तेलयुक्त लस, तळाची बाटली गोठलेली. उन्हात धरून वितळवली, हलवली, तरी एकजीव होईना. मी बाजूला ठेवायला सांगितलं, तर "साहेब, आज गाव संपवायचंय" असं उत्तर. रजिस्टरात गाव पूर्ण झालं.

डोस मोजायला कारकून पुरतो. किती जनावरांत प्रतिकारशक्ती तयार झाली ते कळायला आधी नमुना नीट निवडावा लागतो, मग सीरम तपासावं लागतं. त्यातही लशीमुळे आलेली प्रतिपिंडं कुठली आणि रोग होऊन गेल्याची कुठली, हे वेगळं काढावं लागतं. हे फावल्या वेळात करायचं काम आहे का?

सातासमुद्रापार:
मी त्याच अमेरिकन परीक्षेचा अभ्यास करतोय, म्हणून थोडं. १९५० मध्ये ते 'पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य' मंडळ होतं, आताचं नाव नंतरचं. विषय पाच: साथरोगशास्त्र-जैवसंख्याशास्त्र, संसर्गजन्य व परोपजीवी रोग, अन्नसुरक्षा, पर्यावरण व विषशास्त्र, आणि आरोग्य प्रशासन. शल्यचिकित्सेसारखी रेसिडेन्सी (तज्ज्ञांच्या हाताखाली पूर्णवेळ प्रशिक्षण) केलीच पाहिजे असं नाही, पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव यांच्या जोरावरही बसता येतं. मात्र प्रॅक्टिस करायला हे प्रमाणपत्र लागत नाही, ते ऐच्छिक आहे. किंमत येते ती सैन्य, सरकारी खाती असले मालक ते विचारतात म्हणून. विचारणाराच नसेल तर भिंतीवर फ्रेम लावा. (माझ्या सासऱ्यांना अजून वाटतं मी कुत्र्यांचा डॉक्टर आहे.)

दावणीचा मालक:
मी डॉक्टर नाही, १४ गायी आहेत. गेल्या वर्षी एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. मग दुसरी, मग तिसरी. दर वेळी डॉक्टर आले, जार (वार) अडकला होता तो काढला, गोळ्या ठेवल्या, गेले. कधीकधी डॉक्टर यायच्या आधी आमच्या गड्यानेच उघड्या हाताने ओढला. पुढे त्याला ताप येई, जाई, पुन्हा येई, सांधे धरायचे. त्याला बघणाऱ्या माणसांच्या डॉक्टरांनी विचारलं, गोठ्यात काम करतोस का? तेव्हा कुठे ब्रुसेला निघाला, म्हणजे गायींना गाभडवणारा आणि त्यांच्याकडून माणसाला लागणारा रोग. मला तुमच्या मंडळाचं काही देणंघेणं नाही. पण तिन्ही गायींचा हिशोब एका कागदावर मांडणारा कुणीतरी हवा होता. पैशांचं विचाराल तर खरं सांगतो, गाय बरी केली तर मी लगेच देतो. गाय आजारीच पडली नाही तर कशाचे देऊ, असं वडील विचारतात, आणि मलाही उत्तर सुचत नाही.

कासरा:
वाईट झालं. पण मालक, याला मंडळ कशाला? कालवडी चार ते आठ महिन्यांच्या असताना आयुष्यात एकदा ब्रुसेलाची लस टोचायची, हे माझ्याकडच्या पर्यवेक्षकालाही पाठ आहे. जार हातमोज्याशिवाय काढू नये, हेही.

रानवैद्य:
पाठ आहे ना सर? मग त्या गोठ्यात का टोचली नव्हती?

दावणीचा मालक:
माझ्याकडे जन्मलेल्या दोनच. बाकी सगळ्या बाजारातून, व्यालेल्या किंवा गाभण आणलेल्या. त्यांना लहानपणी काय टोचलं ते कोण सांगणार?

कासरा:
हं. हा मुद्दा आहे. आणल्यावर रक्त तपासलं होतं? महिनाभर वेगळ्या बांधल्या होत्या?

दावणीचा मालक:
नाही. जागा कुठे आहे.

कासरा:
माझं मत बदललेलं नाही, जागा भरा हेच म्हणेन. पण हे तपासायला मी कधी कुणाला सांगितलंय का, ते आठवून बघतोय. गाभडलेल्या तिन्ही अजून त्याच दावणीला आहेत का?

दावणीचा मालक:
एक आहे. दोन विकल्या.

रानवैद्य:
कुठल्या बाजारात?