एलिव्हेशन सोडलं तर आर्किटेक्ट करतो काय?

पश्चिममुखी:
नागपुरात ३० × ५० फुटांचा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. ठेकेदार म्हणतो, नकाशा फुकट काढून देतो, सळईचा हिशोब इंजिनिअर करेल, समोर मोठी काच लावू. आर्किटेक्टला पैसे कशाला? आर्किटेक्चर म्हणजे एलिव्हेशनपलीकडे (घराच्या दर्शनी रूपापलीकडे) नेमकं काय, आणि घरात राहणाऱ्याला त्याने फरक पडतो का?

ओळंबा:
पडतो. तुमच्या प्लॉटवर तर पहिल्याच मे महिन्यात कळेल.

दक्षिणेची खिडकी सोपी. नागपूरला मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी भर दुपारी सूर्य साधारण ६९ अंशांवर असतो. चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला की जवळजवळ पूर्ण काच सावलीत येते. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर उतरतो, त्यामुळे तोच छज्जा खालची अडीच फूट काच उन्हाला मोकळी ठेवतो. उन्हाळ्यात सावली, थंडीत ऊन, तेही एकाच छज्ज्यात.

पश्चिमेला हे गणित चालत नाही. मेमध्ये संध्याकाळी पाचला ऊन जेमतेम २४ अंशांवरून, थेट समोरून येतं. ते अडवायला त्याच खिडकीला नऊ फुटांचा छज्जा लागेल! म्हणून पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, गाडीची जागा किंवा खोल व्हरांडा टाकायचा आणि झोपायच्या खोल्या पूर्वेला न्यायच्या. खिडकी हवीच असेल तर ती अरुंद ठेवून उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून जाळी लावा. आतला पडदा फारसा उपयोगाचा नाही, कारण काच ओलांडून आलेली उष्णता आतच राहते.

कूलरचाही विचार आत्ताच करा. बाहेरून कूलर लागेल अशी सावलीतली खिडकी, शेजारी प्लग आणि नळ, आणि त्याच खोलीच्या समोरच्या भिंतीत हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी. ती नसेल तर खोलीत नुसती दमट हवा साचते आणि लोक कूलरला शिव्या घालतात.

मुंबईतली आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही राहती इमारत (१९८३, २८ मजले) याच पेचातून घडली. समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. त्यांनी कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या आणि घर त्यांच्या आड ठेवलं. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच तो, उंचावर नेलेला. लोक तिथे फक्त एलिव्हेशन बघतात!

खिडकीतळ:
वरच्यात थोडी भर. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, तेव्हा दाटीच्या घरांतल्या कित्येक खोल्यांना ना उजेड होता ना हवा. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (शहर सुधारण्यासाठीची संस्था) स्थापन झाला आणि पुढे त्याच्या कामातून ६३.५ अंशांचा नियम रुळला. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा याहून उभी नको, असा तो नियम होता. म्हणजे मध्ये १० फूट मोकळे असतील, तर समोरची भिंत खिडकीच्या तळापासून २० फुटांहून उंच नको.

बाजूला सोडायची जागा ही नगरपालिकेची कटकट नव्हे, खोलीचं नाक आहे ते. पुढे तिथे पत्र्याची शेड टाकली की मधली खोली दिवसाही दिव्यावर जाते.

पश्चिममुखी:
म्हणजे जिना पुढे घ्यायचा. ठेकेदाराने १५ पायऱ्यांचा दाखवलाय, जागा वाचते म्हणून. चालेल?

ओळंबा:
मजल्याची उंची १० फूट असेल तर १५ पायऱ्यांत प्रत्येकी आठ इंचांचा चढ येतो. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे रोज त्याची किंमत मोजतील. १८ करा, म्हणजे चढ साधारण पावणेसात इंच. पाऊल ठेवायला १० इंच. मध्ये वळणाचा जिना केला तर दर बाजूला नऊ चढ. नववा चढ थेट वळणावर किंवा मजल्यावर पोचतो, म्हणून आठ पावलांचे ६ फूट ८ इंच, शिवाय वळणाची जागा तीन फूट. एवढी लांबी नकाशात आधीच धरायला लागते, नंतर सापडत नाही.

आणखी एक चूक, नेहमीची. जिन्याचं काँक्रीट आधी होतं, फरशी नंतर बसते. मजल्यावर फरशी-मसाला मिळून तीन इंच चढले आणि पायरीवर एकच इंच, तर पहिली पायरी दोन इंच बुटकी होते आणि शेवटची दोन इंच उंच. वर चढताना नेमकी तिथेच ठेच लागते, उतरताना पाय अंदाजापेक्षा खोल पडतो. म्हणून फरशी कुठली ते स्लॅबआधी ठरवा आणि जिन्याच्या ड्रॉइंगवर तयार फरशीची लेव्हल लिहून घ्या. नुसती स्लॅबची लेव्हल दिली असेल तर ते ड्रॉइंग परत पाठवा.